आज डावं असणं म्हणजे नेमकं काय?

कंदील

गेली पंचवीस-तीस वर्षं मी स्वतःला डावा म्हणवून घेतो आहे. महिन्यापूर्वी एका बाईंनी मला त्याचा अर्थ विचारला आणि मला तो सरळ सांगता आला नाही. तेव्हापासून प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

या बाई एका मोठ्या रुग्णालयात कंत्राटदारामार्फत सफाईचं काम करतात. आठ वर्षं त्याच वॉर्डात आहेत. पण दर अकरा महिन्यांनी त्यांना एक दिवसाचा ब्रेक देतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन म्हणून परत घेतात, त्यामुळे कागदावर त्या कायम नव्याच. त्यांच्यासारख्या चौदा जणी मिळून कामगार कार्यालयात तक्रार करणार होत्या, अर्ज लिहायला मदत हवी म्हणून मला बोलावलं होतं. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक वही काढली. शाळकरी मुलांची असते तशी, एकेरी रेघांची, कव्हर गेलेली. आत पेन्सिलीने दोन रकाने आखलेले: आत आल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ. दोन वर्षांच्या नोंदी, एकही दिवस न चुकवता. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर रोजचे आठ तास. वहीत साडेनऊ, दहा, कधी अकरा. काही तारखांपुढे बारीकशी फुली होती. हे काय, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्या दिवशी दुसऱ्या पाळीची बाई आली नाही म्हणून मला थांबवून घेतलं."

मग म्हणाल्या, "दादा, तुम्ही डावे आहात म्हणे. डावे म्हणजे काय असतं?"

मी बोललो काहीतरी. समता, शोषण, भांडवल. त्या शांतपणे ऐकत होत्या, पण माझे शब्द त्या वहीला कुठेच चिकटत नाहीयेत हे मला बोलतानाच कळत होतं.

घरी आल्यावर जुनं वाचलेलं आठवलं. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या १९ व्या शतकातल्या गिरणी कामगारांनी सांगून ठेवलेल्या हकिगतींत एक गोष्ट येते. गिरणीचं घड्याळ सकाळी पुढे केलेलं असे आणि संध्याकाळी मागे. कामगाराने स्वतःचं घड्याळ जवळ बाळगणं मालकाला खपत नसे. किती राबायचं हे ठरवायचा हक्क तर नव्हताच, किती राबलो हे मोजायचाही नव्हता. तिथून दहा तासांच्या दिवसाची मागणी उठली. १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेने कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांपुरता तसा कायदा केला. मे १८८६ मध्ये शिकागोत आणि अमेरिकेतल्या इतर शहरांत आठ तासांसाठी संप झाले, माणसं मेली, फाशी गेली. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केलेला पहिलाच करार दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा होता. दहावरून आठवर यायला बहात्तर वर्षं लागली. आणि आज त्या बाईंच्या वहीत अकरा लिहिलेलं आहे.

माझ्यापुरतं उत्तर मला या वहीत सापडलं. ज्याच्यावर घड्याळ चालतं त्याला त्या घड्याळाविषयी बोलायचा हक्क आहे, हे मानायचं आणि तो हक्क मागताना त्याच्याबरोबर उभं राहायचं, हा मला डावेपणाचा गाभा वाटतो. मालकी कोणाची, कर किती, सरकारने काय चालवावं, हे सगळे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते इथूनच फुटतात. आज आपण स्वतःला डावे म्हणवणारे लोक मात्र कुठल्या घटनेवर कोणाची भूमिका काय, कोण खरा आणि कोण बाटलेला, यात इतके गुंततो की त्या वहीपर्यंत पोचायला वेळच राहत नाही. मीही तसाच वागत आलो आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमची मतं सांगा. विरोधी असतील तर जास्तच हवीत. हा मार्ग सोडून गेलेल्यांनी तर जरूर लिहा.

सायंतारा

धागा आवडला. एक शंका आहे. गरिबांविषयी कळवळा उजव्यांनाही असतो, आणि मी तो खोटा मानत नाही. जर्मनीत चान्सलर बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला, १८८९ मध्ये वृद्धापकाळाची पेन्शन. तो काही डावा नव्हता. मग कामगाराचं भलं व्हावं असं वाटणं आणि डावं असणं यात फरक कुठे करायचा?

खडूफळा

सायंतारा, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. याच बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवाद्यांविरुद्ध कायदा आणला. त्यांच्या सभा, संघटना, वर्तमानपत्रं बंद केली, आणि तो कायदा १८९० पर्यंत टिकला. म्हणजे एका हाताने पेन्शन दिली आणि दुसऱ्या हाताने तोंड बंद केलं. 'तुम्हाला काय हवं ते आम्ही ठरवू, तुम्ही मागायचं नाही.' कंदील म्हणतात तो बोलण्याचा हक्क नेमका इथे कापला गेला.

'डावे' या शब्दाचा जन्मही याच प्रश्नातून झाला. १७८९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत वाद चालू होता की लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा राजाला रद्द करता यावा की नाही. राजाला हा अधिकार हवा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, नको म्हणणारे डाव्या. राजाने कायदा काही काळ अडवावा, कायमचा नाही, असा मधला तोडगा सप्टेंबरमध्ये निघाला. पण शब्द राहिले. शेवटचा शब्द कोणाचा, यावर ती बसायची जागा ठरली होती.

पुढच्या काळात त्या डाव्या बाकावर काय काय मागण्या येऊन बसल्या ते पाहिलं की गंमत नाही, आदर वाटतो. १८३८ च्या ब्रिटिश चार्टिस्टांच्या, म्हणजे मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या कामगार चळवळीच्या, सनदेत सहा मागण्या होत्या: सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, सारखे मतदारसंघ, खासदार व्हायला मालमत्तेची अट नको, खासदाराला पगार, आणि दरवर्षी निवडणूक. लाखोंच्या सह्यांचे अर्ज संसदेने पुन्हा पुन्हा फेटाळले. दरवर्षीची निवडणूक सोडली तर बाकीच्या पाचही गोष्टी आज उजव्यातल्या उजव्या माणसालाही स्वाभाविक वाटतात. खासदाराला पगार, ही मागणी मी वर्गात नेहमी थांबून समजावतो. पगार नसेल तर ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे तो संसदेत बसणार कसा?

तराजू

मी उजवा आहे की नाही मला माहीत नाही, पण डावा नक्की नाही. माझा छोटा कारखाना आहे, यंत्रांचे सुटे भाग बनवतो. अकरा माणसं आहेत.

तुमच्या सगळ्या चित्रांत एक मालक असतो आणि तो घड्याळ मागेपुढे करतो. माझ्यावर कोणतं घड्याळ चालतं ते सांगतो. मी ज्यांना माल देतो ती मोठी कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते. करारात पंचेचाळीस लिहिलंय. मी तक्रार केली तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला. माझ्या माणसांना मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार लागतो, आणि लागायलाच हवा. गेल्या बारा वर्षांत एकदाही उशीर केलेला नाही. दोनदा बायकोचे दागिने गहाण ठेवून पगार केले. त्यातल्याच एका महिन्यात एका संघटनेचा पुढारी गेटवर येऊन माझ्या माणसांसमोर मला रक्तपिपासू म्हणाला. मी काही बोललो नाही. रात्री झोप लागली नाही.

तुमच्या डावेपणात माझ्यासारख्याला जागा आहे का, की मी कायमचा शत्रूच?

कंदील

तराजू, तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार. ते ऐकून लाज वाटली, कारण तसे शब्द मीही तरुणपणी वापरले आहेत, माणसाची काहीही माहिती नसताना.

तुमच्या नव्वद दिवसांबद्दल बोलायचा हक्क तुम्हाला नाही आणि ऑर्डर जाईल या भीतीने तुम्ही गप्प बसता. त्या बाईही कामावरून काढतील या भीतीने दोन वर्षं गप्प होत्या. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. छोट्या पुरवठादारांनी एकत्र येऊन मोठ्या खरेदीदाराला वेळेत पैसे द्यायला भाग पाडणं, याला मी डावं राजकारण म्हणेन आणि त्यात तुमच्या शेजारी उभा राहीन.

पण एक गोष्ट स्पष्टच विचारतो, राग मानू नका. हे नव्वद दिवस तुमच्या अकरा माणसांना माहीत आहेत का? दागिने गहाण ठेवल्याचं माहीत आहे का? जर्मनीत किमान पाच कामगार असलेल्या ठिकाणीही कामगारांना आपली कामगार-समिती निवडता येते. दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांत तर १९७६ च्या कायद्याने देखरेख मंडळावरच्या निम्म्या जागा कामगारांच्या केल्या. अटीतटीला अध्यक्षाचं जादा मत मालकांच्या बाजूने पडू शकतं, त्यामुळे ती पूर्ण बरोबरी नाही. तरी हिशोब टेबलावर येतो. तुमचा हिशोब तुमच्या माणसांसमोर आला असता तर गेटवरच्या त्या माणसाला उत्तर त्यांनीच दिलं असतं, असं मला वाटतं.

पश्चिमवारा

सोडून गेलेल्यांनी लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. बावीस वर्षं पूर्णवेळ कार्यकर्ता होतो.

कंदील, तुमची व्याख्या मला पटते. पण ती पटली की आपल्या इतिहासातला सगळ्यात अवघड भाग समोर येतो आणि तुम्ही तो वगळलात. सत्ता आपल्या हातात आली तेव्हा आपण घड्याळाचं काय केलं?

जून १९५३. पूर्व बर्लिन. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या सरकारने कामाचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवलं. तेवढ्याच पगारात जास्त काम. स्टालिनच्या नावाच्या रस्त्यावर इमारती बांधणाऱ्या गवंड्यांनी १६ तारखेला अवजारं खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी संप देशभर पसरला आणि त्यांच्यावर सोव्हिएत रणगाडे आले. ऑगस्ट १९८०. पोलंडमधलं ग्दान्स्क, लेनिनच्या नावाची गोदी. अॅना वालेंतिनोविच ही क्रेन चालवणारी बाई स्वतंत्र संघटनेचं काम करायची म्हणून तिला निवृत्तीला पाच महिने उरलेले असताना काढून टाकलं. तिला परत घ्या म्हणून संप सुरू झाला, आणि संपकऱ्यांच्या एकवीस मागण्यांतली पहिली होती: पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र अशा कामगार संघटना. १९३२-३३ चा युक्रेनमधला दुष्काळ आणि १९५९ ते ६१ मधला चीनमधला दुष्काळ यांविषयी तर मला लिहायलाही जड जातं. धान्य कमी पडतंय असं वर कळवायची ज्यांची हिंमत झाली त्यांना शत्रू ठरवलं गेलं. बोलायचा हक्क गेला की माणसं उपाशी मरतात, हे आपल्याच नावावर लिहिलेलं आहे.

जर्मनीतली समाजवादी नेता रोझा लक्झेंबर्ग हिने १९१८ मध्येच, तुरुंगात असताना, बजावलं होतं की स्वातंत्र्य म्हणजे नेहमी वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य. रशियन क्रांतीची ती मित्र होती, म्हणून तिचं ऐकायला हवं होतं.

मी का सोडलं ते सांगतो. एका बैठकीत मी प्रश्न विचारला होता की आपल्याच संघटनेच्या कार्यालयात काम करणाऱ्या मुलाला किमान वेतन का देत नाही. वातावरण तापलं, मग विषय बदलला. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचून दाखवलं, त्यात माझा प्रश्नच नव्हता. 'सर्व विषय सर्वानुमते मंजूर' एवढंच. मी म्हटलं, नोंद करा, उत्तर नका देऊ हवं तर. नोंद झाली नाही. तुमच्या त्या बाईंची वही वाचताना मला ते इतिवृत्त आठवलं.

सायंतारा

पश्चिमवारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग आज तुम्ही स्वतःला काय म्हणता?

पश्चिमवारा

डावाच. संघटना सोडली, ती बाजू सोडली नाही. त्या मुलाचं वेतन हा प्रश्न मला अजून बरोबर वाटतो.

उंबरा

मी या विषयावर सहसा लिहीत नाही. पण घड्याळ हा शब्द वाचून राहवलं नाही.

माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीही. मी गजर लावते: अकरा, एक, तीन, पाच. माझ्या वहीत आत आल्याची वेळ नाही आणि बाहेर पडल्याची वेळही नाही. आठ तासांची चळवळ माझ्या दारापर्यंत आलीच नाही. आमच्या घरात कामगार चळवळीतली माणसं होऊन गेली, फार चांगली माणसं. सभेहून आली की पाणी मागायची.

मला आइसलँडची गोष्ट फार जवळची वाटते. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस सगळं काम बंद ठेवलं. नोकरीतलंही आणि घरातलंही. स्वयंपाक नाही, मुलं सांभाळणं नाही. पुरुष मुलांना घेऊन कामावर गेले. दूरध्वनी केंद्रं, शाळा, कितीतरी कामं ठप्प झाली. पुढच्याच वर्षी संसदेने स्त्री-पुरुष समानतेचा कायदा केला आणि १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर ही तिथली राष्ट्राध्यक्ष झाली. एका दिवसात जे दिसलं ते शेकडो वर्षं कोणाला दिसलं नव्हतं.

ज्यांचं काम काम म्हणून मोजलंच जात नाही त्यांच्यापासून आजच्या डाव्यांनी सुरुवात करावी असं मला वाटतं. मला संप करता येणार नाही. सासूबाईंना कोण वळवणार?

कंदील

उंबराताई, याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. मी मांडणी केली ती घराबाहेरच्या घड्याळाची होती, ती अपुरी होती. सभेहून येऊन पाणी मागणाऱ्यांत मीही होतो.

सूत

उंबरा यांना अनुमोदन, आणि त्याच्याच पुढचा मुद्दा.

'कामगार' असा एकच शब्द वापरला की आतल्या भिंती दिसेनाशा होतात. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी जास्त मिळायची. तिथे दलितांना कामावर घेत नसत. कारण काय, तर मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि एकाच्या तोंडचं सूत दुसऱ्याच्या तोंडी. ही भिंत केवळ मालकाने घातलेली नव्हती, शेजारच्या मागावरच्या कामगारालाही ती हवी होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस गिरण्यांत मोठे संप झाले तेव्हा बाबासाहेबांनी हाच प्रश्न उभा केला: तुमच्या मागण्यांत साचेखात्याचं दार उघडण्याची मागणी कुठे आहे? जात म्हणजे केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी, हे त्यांचं म्हणणं मला तरी त्या धोट्याशिवाय नीट कळत नाही.

आणि तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र रस्त्यावर उतरले, कारण ते विधेयक संपाचा हक्कच आवळत होतं. म्हणजे एकत्र येता येतं. फक्त दाराचा प्रश्न 'आधी क्रांती, मग बघू' म्हणून पुढे ढकलायचा नाही. जगभर हेच झालंय. अमेरिकेतल्या कित्येक कामगार संघटनांनी काळ्या कामगारांना अनेक दशकं सभासदच करून घेतलं नाही. त्याची किंमत त्या संघटनांनी मोजली, कारण बाहेर ठेवलेल्या माणसांनाच मालक संप मोडायला आणत.

विशी

मी या धाग्यावर सगळ्यांत लहान असेन. मला डावं राजकारण कॉलेजात भेटलं आणि मी त्यात मनापासून गेले. पण पहिल्या वर्षभरात मी जे शिकले ते मुख्यतः शब्द होते. कुठला शब्द वापरायचा, कुठला नाही. आमच्या गटात एक मुलगा यायचा, त्याचे वडील रखवालदार, रात्रपाळी करायचे. तो एकदा बोलताना जुना शब्द वापरून गेला, कोणाला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याला सगळ्यांसमोर दोघांनी झापलं. त्यानंतर तो आला नाही. मी तेव्हा गप्प बसले.

त्याच्या वडिलांच्या रात्रपाळीबद्दल आमच्या गटात कधी चर्चा झाली नाही. शब्दांना किंमत आहे, सूत यांनी लिहिलं ते वाचून तर ते जास्तच कळतं. पण तो मुलगा गेला ते चुकलंच.

खडूफळा

विशी, तुम्ही लिहिलंत त्याचं मोठं रूप फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसतं. १९५०-६० च्या दशकांत पाश्चात्त्य लोकशाह्यांमध्ये कमी शिकलेले लोक डाव्या पक्षांना मत देत आणि जास्त शिकलेले उजव्या. हळूहळू, दशकामागून दशक, ते उलटलं. आज त्यातल्या बहुतेक देशांत जास्त शिकलेले लोक डावीकडे झुकतात. श्रीमंत अजूनही बरेचसे उजवीकडेच आहेत. म्हणजे एका बाजूला पदव्या, दुसऱ्या बाजूला पैसा, आणि रखवालदाराने कुठे जायचं? पिकेटींनी या सुशिक्षित डाव्यांना चक्क 'ब्राह्मण डावे' असं नाव दिलं आहे. पॅरिसमध्ये बसलेल्या अर्थतज्ज्ञाला हा शब्द सुचावा यात आपल्यासाठी विचार करण्यासारखं पुष्कळ आहे.

मला यातलं एक कारण असं दिसतं: कामगार संघटना क्षीण झाल्या तशी न शिकलेल्या माणसाला राजकारणात बोलायला शिकवणारी जागाच गेली. वर्गणी गोळा करणं, पावती फाडणं, सभेत उठून बोलणं, ठराव मांडणं, हे शाळेत न गेलेली माणसं तिथे शिकत. आता ते शिक्षण फक्त महाविद्यालयात मिळतं.

चाकं

मी नेहमी फक्त वाचतो. आज लिहितो. मी ॲपवर डिलिव्हरी करतो, तीन वर्षं झाली.

तुम्ही सगळे घड्याळ म्हणताय. आमच्याकडे घड्याळ नाही. कधीही या, कधीही जा, असं म्हणतात. खरं आहे ते. पण लॉगिन करून बसलो आणि ऑर्डर आली नाही तर तो वेळ कशात धरत नाहीत. ऑर्डर सोडली तर पुढच्या कमी येतात. असं होतं हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे, लिहिलेलं कुठे नाही.

मागच्या पावसाळ्यात माझा आयडी बंद झाला. रात्री साडेनऊला, रस्त्यात. स्क्रीनवर एक ओळ आली, 'नियमभंगामुळे तुमचं खातं स्थगित केलं आहे.' कुठला नियम ते नाही. हेल्पमध्ये गेलो तर यादीतून कारण निवडायला सांगतात, माझं कारण यादीत नव्हतं. लिहून पाठवलं, तर तेच उत्तर पुन्हा. ऑफिसचा पत्ता शोधून गेलो. सुरक्षारक्षक म्हणाला इथे रायडरला आत सोडत नाहीत. सहा दिवसांनी आपोआप चालू झालं. का बंद झालं, का चालू झालं, आजपर्यंत माहीत नाही.

मला माणूस हवा होता समोर. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

खडूफळा

चाकं, तुम्ही मांडलेल्या दोन्ही गोष्टींवर जगात लढून काही मिळवलेलं आहे, म्हणून सांगतो.

वाट बघण्याचा वेळ: ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला उबरच्या चालकांच्या खटल्यात निकाल दिला. चालक आपल्या परवान्याच्या क्षेत्रात ॲप चालू करून भाडं घ्यायला तयार असेल तर तो वेळही कामाचाच, फक्त प्रवासी बसलेला वेळ नाही. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, भाडी नाकारली तर कंपनी शिक्षा करते, मग तो स्वतंत्र व्यावसायिक कसा, असा साधारण युक्तिवाद होता.

समोर माणूस: युरोपीय संघाने २०२४ मध्ये ॲपवरच्या कामाबद्दल जो निर्देश काढला त्यात खातं बंद करण्यासारखा निर्णय माणसाने घ्यावा, यंत्रावर सोडू नये, आणि त्याचं कारण कामगाराला कळावं, असं म्हटलेलं आहे. सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यात आणायचा आहे.

हे कोणी बसल्या जागी दिलेलं नाही. ब्रिटनमधल्या खटल्याचा पहिला निकाल २०१६ मध्ये खालच्या न्यायाधिकरणात लागला, तो मुठभर चालकांनी लढवला आणि कंपनी प्रत्येक पायरीवर अपील करत गेली.

तराजू

परत आलोय. कंदील यांचा प्रश्न मनात राहिला होता.

गेल्या शनिवारी काम संपल्यावर माणसांना बसवलं आणि येणी-देणी फळ्यावर लिहिली. कोणाकडून किती येणं आहे, किती दिवस झाले, बँकेचा हप्ता, पगार, माझ्या घरी किती नेतो. शेवटचा आकडा लिहिताना हात थांबला होता, पण लिहिला.

सगळं गोड झालं असं नाही. एकजण म्हणाला, तुम्ही दाखवलंत ते बरं, पण ओव्हरटाइमचा दर गेली चार वर्षं तोच आहे, तोही फळ्यावर लिहा. लिहिला. तो बरोबर होता. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. दुसरा म्हणाला, त्या मोठ्या कंपनीला माल देणारे आपल्यासारखे अजून किती आहेत? मला नेमकं माहीत नाही. त्याच्या मेहुण्याच्या कारखान्यातूनही तिथेच माल जातो, असं तोच म्हणाला. शोधतोय.

मी अजूनही स्वतःला डावा म्हणत नाही. पण तो रक्तपिपासू शब्द मनातून थोडा गेला.

पश्चिमवारा

तराजू, तुम्ही फळ्यावर लिहिलंत ते आमच्या कार्यालयात कधी झालं नाही.

चाकं

कंदील दादा, त्या बाईंची वही कशी आखली होती ते नीट सांगाल का? आमच्या नाक्यावर आम्ही सातजण उभे असतो. त्यांना विचारतो.

कंदील

तुमच्यासाठी दोन रकाने पुरणार नाहीत. मला वाटतं असं आखा: तारीख, लॉगिनची वेळ, लॉगआउटची वेळ, त्यात ऑर्डरवर गेलेले तास, आणि उरलेले वाट बघण्याचे. शेवटी एक रुंद रकाना मोकळा ठेवा. आयडी बंद झाला, ऑर्डर सोडली, पडलो, काही झालं तर तिथे वेळेसकट लिहायचं. स्क्रीनवर जे येईल त्याचा स्क्रीनशॉट त्याच तारखेच्या नावाने ठेवा. आणि कंटाळा आला तरी रोज लिहा. बाईंच्या वहीचं बळ त्यातच होतं. कामगार कार्यालयातल्या पहिल्या तारखेला कंत्राटदाराच्या माणसाने वही बघून विचारलं की हे कशावरून खरं. बाई म्हणाल्या, "दोन वर्षांत एक पान रिकामं दाखवा." पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. बाकीच्या तेरा जणींनीही आता वह्या सुरू केल्या आहेत.

सातजण एकाच पद्धतीने लिहाल तर फार उपयोग होईल.

चाकं

सातपैकी चौघं हो म्हणाले. एकजण म्हणतो कंपनीला कळलं तर आयडी जाईल. त्याला जोर केला नाही.

काल पहिला दिवस लिहिला. लॉगिन सकाळी १०:४०, लॉगआउट रात्री १०:००. एकूण ११ तास २० मिनिटं. त्यातली वाट बघण्याची ४ तास ५ मिनिटं. एवढी असतील असं वाटलं नव्हतं. शेवटच्या रकान्यात लिहिलं आहे: दुपारी ३:१५, ऑर्डर सोडली, टायर पंक्चर. नंतर ५:०२ पर्यंत एकही आली नाही.